ओहोटी, मुळं आणि चिलटं: जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. त्यांपैकी चारांत अडचण साहित्याची नाही, वेळेची आहे. म्हणून उत्तरांत घड्याळ आणि पंचांग वारंवार येईल.

प्रश्न: आम्ही दहा जण पुण्याहून अलिबागला किनाऱ्यावरचे प्राणी पाहायला गेलो. अकराला पोहोचलो तर सगळे खडक पाण्याखाली! पुन्हा जायचं आहे. वेळ कशी ठरवावी? (तृतीय वर्ष, प्राणिशास्त्र)

रविवार ठरवून मग ओहोटी शोधली, की असंच होतं. आधी तिथी बघा. किनाऱ्यावरची माणसं वापरतात तो हिशेब अगदी सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला समुद्र भरलेला. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सहा तास दहा मिनिटांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा धरायची. हा हिशेब मुंबई-अलिबागला बराच जुळतो. दक्षिणेला रत्नागिरी-मालवणकडे भरती आणि ओहोटी दोन्ही लवकर होतात, तिथे तास-दीड तास आधीच पोहोचावं. छापील भरती-ओहोटीचं कोष्टक मिळालं तर त्याच्याशी पडताळून घ्याच.

पण किती वाजता हे अर्धंच झालं. पाणी किती मागे हटतं हे त्याहून महत्त्वाचं. अष्टमीच्या आसपास भांग (कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) असतो, तेव्हा ओहोटी होऊनही खालचे खडक उघडे पडत नाहीत. उधाणाची ओहोटी हवी, आणि मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. म्हणून विद्यार्थ्यांसाठी प्रतिपदा ते तृतीया हे दिवस सर्वांत चांगले. प्रतिपदेला ओहोटी सकाळी सातच्या आत-बाहेर, द्वितीयेला पावणेआठच्या, तृतीयेला साडेआठच्या सुमाराला. पुण्याहून पहाटे निघून हे साधत नाही. आदल्या रात्री मुक्काम करा.

पूर्ण ओहोटीच्या दीड ते दोन तास आधी किनाऱ्यावर हजर राहा आणि उतरत्या पाण्याच्या मागे मागे खाली जा. ओहोटीचा क्षण उलटला की अर्ध्या तासात परत फिरा. याचं कारण नीट समजून घ्या. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा भाग येतो आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून निम्मा चढ येतो. उधाणाचा फरक चार मीटर धरला तर त्या दोन तासांत दोन मीटर पाणी! कुलाबा किल्ल्याच्या बाजूला गेलात तर परतीची वाट तुमच्या पाठीमागे बुडते.

पायांत घट्ट, पकड असलेले बूट हवेत. चप्पल शेवाळावर घसरते आणि कालवांच्या कडा अनवाणी पाय चिरतात. मोजणीसाठी पीव्हीसी नळ्यांची ५० बाय ५० सेंटिमीटरची चौकट करा आणि दर १० सेंटिमीटरवर दोरा बांधा, म्हणजे २५ घरं होतील. भरतीच्या रेषेपासून पाण्यापर्यंत मोजपट्टी टाकून दर पाच मीटरवर चौकट ठेवा. प्राणी पट्ट्यापट्ट्यांनी कसे बदलत जातात ते तेव्हाच आकड्यांत दिसतं. उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवा. त्याच्या पोटाखालचे जीव उन्हात थोड्या वेळात सुकून मरतात. या एका गोष्टीत कसूर करू नका. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जिवंत शंख हातात घेऊ नका, त्याचा दंश विषारी असतो. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा ती फोटोतच आणायची. पावसाळ्यात हे सगळं टाळा.

प्रश्न: कांद्याच्या मुळाची स्लाइड चार वेळा केली. नुसत्या विटांसारख्या पेशी दिसतात, गुणसूत्रं कुठेच नाहीत. कुठे चुकतंय? (द्वितीय वर्ष, वनस्पतिशास्त्र)

विटांसारख्या लांबट पेशी दिसतात याचा अर्थ तुम्ही मुळाचा वरचा भाग घेतलाय. तिथल्या पेशी विभागायच्या थांबून लांब व्हायला लागलेल्या असतात. विभाजन चालतं ते टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये, आणि तिथल्या पेशी लहान, चौकोनी, मोठ्या केंद्रकाच्या असतात.

सुरुवात कांद्यापासून करू. शेतातून नुकता निघालेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं फुटत नाहीत. घरात कोंब डोकावू लागलेला लहान कांदा घ्या. तळाची वाळलेली मुळं खरवडा, पण चकतीला इजा होऊ देऊ नका. बरणीच्या तोंडावर असा बसवा की चकती पाण्याला फक्त टेकेल. बुडाली तर सडते. पाणी रोज बदला. दोन ते चार दिवसांत मुळं एक-दोन सेंटिमीटरची होतात. याहून लांब, पिवळट मुळं घेऊ नका.

मुळं सकाळी आठ-नऊच्या सुमाराला कापा आणि लगेच स्थिरीकरण द्रावात (पेशींना आहे त्या अवस्थेत थांबवणाऱ्या) टाका: शुद्ध अल्कोहोल तीन भाग, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल एक भाग. हे द्राव त्याच वेळी मिसळायचं. कालचं उरलेलं चालत नाही, कारण ठेवल्यावर दोन्हींची आपसांत अभिक्रिया होऊन एस्टर बनत जातो. चोवीस तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली की पुढे केव्हाही वापरता येतात. तुमच्या पत्रात मुळं दुपारच्या प्रात्यक्षिकाला कापून तिथेच रंगवल्याचं दिसतं. त्यात स्थिरीकरण झालंच नाही.

नंतर एक नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला पाच ते दहा मिनिटं. यात पेशींना चिकटवून ठेवणारा थर विरघळतो. कमी वेळ दिला तर मूळ पसरत नाही, ढेकूळ राहतं. जास्त दिला तर लगदा होतो आणि रंग धरत नाही. पाण्यात धुवा. ॲसिटोकार्मिनच्या थेंबात १५ ते २० मिनिटं ठेवा. टोकाचा थोडासा भाग बाकीच्यापेक्षा गडद लाल होईल. तेवढाच ठेवा आणि उरलेलं मूळ निर्दयपणे फेका. लोखंडी सुईने टोक टोचत कुस्करलं तर लोहामुळे रंग आणखी गडद चढतो. स्टीलची चकचकीत सुई हे काम करत नाही.

कव्हरस्लिप ठेवा, पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलके ठोके द्या, वर टिपकागद धरून अंगठा सरळ खाली दाबा. अंगठा जराही बाजूला सरकला तर पेशी वळकटीसारख्या गुंडाळल्या जातात. चांगल्या स्लाइडमध्येही बहुतेक पेशी विभाजनाबाहेरच्याच असतात, म्हणून आधी दहाच्या भिंगाखाली सगळी स्लाइड ओळीने फिरवा आणि गडद, गुंतवळ्यासारखं काही दिसलं तरच चाळीसचं भिंग लावा. कांद्याची गुणसूत्रं १६ आहेत आणि चांगली मोठी आहेत. मोजायचीच असतील तर स्थिरीकरणाआधी मुळं २४ तास बर्फाच्या पाण्यात ठेवा: गुणसूत्रं खेचणारे तर्कूचे तंतू बनत नाहीत आणि पेशी मध्यावस्थेत अडकून पडतात.

प्रश्न: श्रावणात साताऱ्याजवळून आणलेली झाडं दाबून ठेवली, सगळी काळी पडून बुरशी आली. शिवाय कासच्या पठारावरून नमुने आणले तर चालतील का? (प्रथम वर्ष)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. कास पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे (२०१२ पासून). तिथल्या खडकावर बोटभर मातीत वाढणाऱ्या झाडांतली काही अगदी थोड्या प्रदेशापुरती आहेत. प्रथम वर्षाच्या संग्रहाला टाकळा, एकदांडी, घाणेरी, रानमोडी, रस्त्याकडेचा तेरडा पुरेसे आहेत. संग्रह किती दुर्मीळ आहे याला किंमत नाही. फूल, फळ, पान आणि खोड एकाच नमुन्यावर आहेत का, याला आहे.

बुरशीचं कारण एकच: कागद वेळेवर बदलले नाहीत. वर्तमानपत्राचं पान दुमडलं की हर्बेरियमच्या (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या) कागदाच्या जवळपास, म्हणजे ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या आसपास होतं. नमुना त्यातच मावला पाहिजे, लांब असेल तर इंग्रजी एन किंवा डब्ल्यूसारखा दुमडा. दोन नमुन्यांमध्ये कोरड्या वर्तमानपत्राचे सात-आठ थर ठेवा. पहिला बदल बारा ते चोवीस तासांत. तेव्हा पानं मऊ झालेली असतात, म्हणून सुरकुत्या काढून एक-दोन पानं पालथी करायची हीच वेळ. नंतर हात लावला की मोडतात. पावसात पहिले चार दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदला, पुढे रोज एकदा. ओले कागद पंख्याखाली वाळवून पुन्हा वापरा. प्रेस (झाडं दाबायची फळ्यांची चौकट) आडवी न ठेवता कडेवर उभी करून पंख्यासमोर ठेवली तर थरांतून हवा जाते. इस्त्रीने घाई करू नका, फुलांचा रंग जातो आणि पानं तपकिरी होतात.

तेरड्यासारखं रसाळ खोड दाबलं तरी आतून जिवंतच राहतं आणि दिवसेंदिवस पानं गाळतं. फूल वर धरून खोड-पानं उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा, पुसा, मग दाबा. जाड खोड उभं चिरून अर्धं घेतलं तरी चालतं.

वाळलं की नाही हे गालाला लावून कळतं: गार लागलं तर ओलावा आहे. नमुना उचलल्यावर पान लवायला नको.

बाजारात मिळणारं मर्क्युरिक क्लोराइड घरी किंवा होस्टेलवर वापरू नका, ते जहाल विष आहे. कीड लागू नये म्हणून नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. आणि जे वाळल्यावर उरत नाही ते जागेवरच लिहा: फुलाचा ताजा रंग, वास, चीक आहे का, झाडाची उंची, जमीन खडकाळ की पाणथळ, ठिकाण, तारीख. या नोंदीशिवाय नमुना म्हणजे नुसतं वाळलेलं गवत.

प्रश्न: दसऱ्याला आत्याने आणलेली पानं आपट्याची नाहीत असं मी म्हटलं, पण खात्रीने सांगता आलं नाही. फरक काय? (प्रथम वर्ष)

बाजारात कांचनाच्या फांद्या आपटा म्हणून सर्रास येतात. दोन्ही एकाच प्रजातीतली (जीनस बौहिनिया), दोन्हींचं पान जोडलेलं, म्हणून गोंधळ. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद असतं. कांचनाचं मोठं आणि पातळ. फांदीवर ठसठशीत गुलाबी, जांभळं फूल असेल तर तो कांचन. आपट्याची फुलं लहान, पिवळट पांढरी असतात आणि दसऱ्याला नसतातच, उन्हाळ्यात येतात. शेंगही बघा: आपट्याची जाड, वाकडी, न फुटणारी, कांचनाची चपटी, वाळल्यावर तडकणारी. आत्याबाईंना सांगताना हेही सांगा की बौहिनिया हे नाव बाउहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून पडलं, पानाचे दोन जोडलेले भाग म्हणजे ते दोघे भाऊ.

प्रश्न: ड्रोसोफिलाच्या (फळांवरच्या चिलटांच्या) संकरात पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर घेतला. पुढच्या पिढीत पांढऱ्या डोळ्यांच्या माद्याही निघाल्या. गुणोत्तर चुकलं. बाटल्यांत बुरशीही आहे. (तृतीय वर्ष)

गुणोत्तर चुकलेलं नाही, तुमची मादी कुमारी नव्हती. पांढऱ्या डोळ्यांचा गुण एक्स गुणसूत्रावर आहे (आनुवंशिकीशास्त्रज्ञ मॉर्गन यांनी १९१० मध्ये दाखवलेला तोच), म्हणून या संकरात सगळे मुलगे पांढरे आणि सगळ्या मुली लाल यायला हव्यात. पांढऱ्या मुली आल्या म्हणजे आई आधीच आपल्या बाटलीतल्या पांढऱ्या डोळ्यांच्या नराशी जुगली होती. मादी शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे एक समागम सगळा प्रयोग बिघडवतो.

मादी कोशातून बाहेर आल्यावर २५ अंशांना साधारण आठ तास जुगत नाही. सकाळी बाटलीतली एकूण एक चिलटं बाहेर काढा, भिंतीवर एकही राहू देऊ नका, आणि त्यानंतर आठ तासांच्या आत निघालेल्या माद्याच घ्या. बाटली १८ अंशांना ठेवता आली तर हा अवधी जवळपास दुप्पट मिळतो. अगदी ताजी मादी फिकट असते आणि पोटात हिरवट काळा ठिपका दिसतो. नर ओळखायला पोटाचं काळं, गोलसर टोक आणि पुढच्या पायावरचा काळा कंगवा बघा. वेगळ्या केलेल्या माद्या तीन दिवस नराविना ठेवा. बाटलीत अळ्या दिसल्या तर त्या माद्या टाकून द्या. संकर लावल्यावर सातव्या-आठव्या दिवशी आईबाप काढून टाका, कारण दहाव्या दिवसापासून पिल्लं निघतात आणि मोजणीत मिसळतात.

बेशुद्ध करताना पंख अंगाशी काटकोनात उभे राहिले तर चिलट मेलं, ईथर जास्त झालं. ईथरजवळ बर्नर पेटवू नका.

बुरशीचं उत्तर खाद्यात आहे. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा, १० ग्रॅम आगर आणि ७.५ मिलिलिटर प्रोपिओनिक आम्ल. गूळ आणि आगर उकळून विरघळवा, रवा गुठळी न होऊ देता हलवत घाला, खिरीपेक्षा घट्ट झालं की उतरवा. आम्ल उकळत्या मिश्रणात घातलं तर वाफेबरोबर निघून जातं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. थोडं निवल्यावर, पण गोठण्याआधी घाला. निर्जंतुक बाटल्यांत दोन-तीन सेंटिमीटर थर ओता, मलमलीचं कापड टाकून एक रात्र ठेवा. काचेवरचं पाणी सुकण्याआधी चिलटं सोडली तर ती चिकटून मरतात. सोडताना यीस्टचा एक थेंब पुरे.

मराठवाडा-विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र खाद्य बरोबर असूनही अळ्या दिसत नाहीत. ३० अंशांना वाढलेले नर वंध्य निघतात. बाटल्या पाण्याच्या परातीत उभ्या करून भोवती ओलं फडकं गुंडाळा, परातीत थर्मामीटर ठेवा आणि दुपारी दोनला तो वाचा. सकाळचा आकडा काही सांगत नाही.