लिनक्सवर विंडोज मीडिया प्लेअर, आयट्यून्स मिळतच नसतील तर ते टाकून फायदा काय?

मिळत नाहीत. विंडोज मीडिया प्लेअर, क्विकटाइम, आयट्यून्स, तिन्ही लिनक्ससाठी (विंडोजच्या जागी कॉम्प्युटरवर टाकायची फुकटची सिस्टीम) कधी निघालेच नाहीत. रियलप्लेअर निघाला होता. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारा फ्लॅशही होता, तो २०२०च्या शेवटी सगळीकडूनच बंद झाला. पण तुमचं ते "फायदा काय" मी आमच्या जवाईबापूंच्या तोंडून ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

२०१०चा धोंड्याचा महिना. आमचं खेडं यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसकडे. भर उन्हाळा, त्यात लोडशेडिंग. ताई-जवाई जेवायला आलेले. जेवणं उरकली, लाइन आली, आणि ताईला लग्नाचं शूटिंग पाहायचं सुचलं. शूटिंगवाल्याने फाइल दिलेली डब्ल्यूएमव्ही, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचा व्हिडिओ. माझ्या कॉम्प्युटरवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार, तेव्हा त्याची सीडी पोस्टाने फुकट घरी यायची). शेजारपाजारचे दारापर्यंत जमले. क्लिक केलं, तर कोडेक (फाइल उलगडून चित्र-आवाज दाखवणारा भाग) नाही म्हणे, इंटरनेटवरून घेऊ का? गावात इंटरनेट होतं कोणाकडे! जवाईबापू खाटेवरूनच म्हणाले, "काय साळेबुवा, फुकटात भेटलं ते असंच असते. विंडोज टाका म्हनलं होतं ना?" पोट्टे खी खी हसले. धोंड्याला आलेला जवाई, त्याला उलट बोलता येते का?

नंतर तालुक्याच्या कॅफेतून पेन ड्राइव्हवर व्हीएलसी हा प्लेअर आणला. एक पॅकेज दुसरं मागते, दुसरं तिसरं, पुन्हा एसटीने तालुका. शेवटी शूटिंग अक्षतांपासून पाठवणीपर्यंत चाललं. पाहायला जवाईबापू नव्हते, हेच आजही सलते.

तर दादा, अडतो तो प्लेअर नाही, कोडेक. डब्ल्यूएमव्ही, रियलप्लेअरचं आरएम, एमपी३, सगळं एफएफएमपेग नावाचं मुक्त सॉफ्टवेअर वाचते आणि व्हीएलसी, एमपीव्ही हे प्लेअर त्याच्याच जोरावर चालतात. पेटंटच्या भानगडीमुळे लिनक्सवाले हे सोबत देत नव्हते. एमपी३ची पेटंटं २०१७मध्ये संपली. लिनक्सचा मिंट हा प्रकार टाकताना मल्टिमीडिया कोडेकच्या चौकोनात टिक करा, काम झालं. आणि कंपनीच्या प्लेअरचं एवढं कौतुक करणाऱ्यांनी हे ऐकावं: २०१२च्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी चालवायची सोयच काढून टाकली. जवाईबापूंच्या लॅपटॉपवर आज कोणता प्लेअर आहे विचारा. व्हीएलसी! पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेला, फुकटचा.

हां, एक राहिलं. नेटफ्लिक्स लिनक्सवर क्रोम-फायरफॉक्समध्ये चालते, पण वाइडवाइन या गूगलच्या कॉपी रोखणाऱ्या कुलपावर, आणि ते काही मुक्त सॉफ्टवेअर नाही. 4के चित्राची तिथे आशा ठेवू नका. आयट्यून्सवर विकत घेतलेले सिनेमे कुलूपबंद असतात, ते व्हीएलसी उघडत नाही. तसे असतील तर विंडोज राहू द्या. आमच्या जवाईबापूंनी आजवर एकही सिनेमा विकत घेतलेला नाही.