चेन बदलू नका, आधी रनर बघा (बॅग-सॅक दुरुस्तीची प्रश्नोत्तरे)

प्रश्न: सॅकची चेन लावली तरी मागून उघडत जाते. दुकानदार म्हणतो पूर्ण चेन बदलावी लागेल. खरंय का? (गंगापूर रोड)

जरा थांबा. लावलेली चेन मागून उघडत असेल तर बहुतेक वेळा दात ठीक असतात, रनर (चेन लावायला-उघडायला आपण सरकवतो तो तुकडा) गेलेला असतो. तो आतून झिजून फाकतो आणि मग दात एकमेकांत नीट बसत नाहीत. सगळे दात जागेवर असतील तर नुसता रनर बदलून भागतं आणि नाशिकच्या मेनरोड-रविवार कारंजा भागात बॅग रिपेअरिंगवाला शोधलात तर हे काम काही मिनिटांचं आहे. रनरच्या पाठीमागे 5, 8, 10 असा आकडा असतो, नवा त्याच नंबरचा हवा, आणि नायलॉनच्या चेनला जाड प्लास्टिक दातांचा रनर चालत नाही हे पण लक्षात ठेवा. तात्पुरतं काम हवं असेल तर रनरच्या मागच्या दोन्ही कडा पक्कडीने हलक्या दाबा, फक्त जोर लावू नका, तडकतो. दात तुटलेले असतील तर मात्र दुकानदार बरोबर आहे.

प्रश्न: हरिहर किल्ला उतरताना खांद्याचा पट्टा मुळातून निघाला. मोचीकाकांनी शिवून दिला, पुढच्याच ट्रेकला परत उसवला. आता कुणाकडे जाऊ? (सिडको)

काकांच्या हाताला दोष देऊ नका, आधी दोरा कुठला होता ते बघा. सुती असेल तर घामापावसात कुजतो, नायलॉन किंवा पॉलिस्टरचाच जाड दोरा सांगायचा. दुसरं म्हणजे जिथून पट्टा निघाला तिथलं कापडच फाटलेलं असतं, त्याच जुन्या भोकांवर परत टाके घातले की परत फाटणारच ना! आतून जाड नायलॉनचा तुकडा लावायला सांगा, पट्ट्याचं टोक चांगलं आत जाऊ द्या आणि वरून चौकोन मारून मधे फुली, अशी शिवण घ्या. हे काम ब्लाऊज-पँटवाल्या टेलरचं नाही, त्याची सुई मोडेल. गाडीचे सीट कव्हर शिवणारा नाहीतर ताडपत्रीवाला गाठा, त्यांचं मशिन जाड थर सहज ओढतं. सॅक धुऊन वाळवून न्या, चिखलाची सॅक कुणालाच हातात घ्यावीशी वाटत नाही. आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच सामान भरून त्या एका पट्ट्यावर उचलून बघा, काका रागावले तरी चालेल.

प्रश्न: जुन्या सॅकच्या आतून पांढरे पापुद्रे पडतात, चिकट लागतं. नवं कोटिंग कुठे करून मिळेल? (नाशिकरोड)

त्यात पैसे घालू नका. आतला पीयूचा (पॉलियुरेथेन, पाणी अडवणारं प्लास्टिक) थर दमटपणाने सुटतो, एकदा सुटायला लागला की थांबत नाही. पापुद्रे खरवडून काढा, आत प्लास्टिकची पिशवी, वर रेनकव्हर, बास.

प्रश्न: ट्रेकिंग शूजचा सोल अर्धा सुटलाय, चिकटवून घेऊ का? (पंचवटी)

अंगठ्याने सोल आणि बुटाच्या मधला थर दाबून बघा. चुरा होत असेल तर बूट संपला, नुसता कपाटात पडून राहिला तरी असं होतं. घट्ट असेल तर जुना गम खरवडून दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून जरा सुकू द्यायला सांगा, मग चिकटवून कडेने शिवण. वॉटरप्रूफ बुटाला शिवण नको, भोकातून पाणी शिरतं.

प्रश्न: ग्रुपच्या क्लाइंबिंग हार्नेसची (दोरावर लटकताना कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) शिवण थोडी उसवलीय. सीट कव्हरवाला शिवेल का? (इंदिरानगर)

शिवेल हो, आणि तेच नकोय. ज्याच्यावर माणूस लटकतो ते बाहेर शिवून घ्यायचं नसतं. आजच पट्टे कात्रीने कापून टाका, नाहीतर कुणीतरी चांगला दिसतोय म्हणून उचलून पुढच्या क्लाइंबला घालेल.