क्रिएटिनिन वाढलेल्या (रक्त तपासणीत दिसणारी, बहुतेकदा मूत्रपिंड कमजोर झाल्याची खूण) म्हाताऱ्या कुत्र्याला सांधेदुखीसाठी मेलॉक्सिकॅम चालेल का?

आपल्या मनाने अजिबात देऊ नका. मागच्या वेळची उरलेली बाटली घरात असली तरीही नको.

मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन ही औषधं शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन कमी करून दुखणं शमवतात. पण मूत्रपिंड अशक्त झालं की तिथला रक्तपुरवठा टिकवायला हेच प्रोस्टाग्लँडिन धावून येतं. ते थांबलं, त्यात कुत्रं उलट्या-जुलाबांनी कोरडं पडलेलं असलं, तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं. आजार सुरुवातीचा आणि स्थिर असेल, तर काही डॉक्टर कमीत कमी डोस देऊन वारंवार रक्त-लघवी तपासतात. तो निर्णय त्यांचाच.

प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर ते आधी सांगा. दोन्ही एकत्र गेली की पोटात अल्सर होऊ शकतो, काळी डांबरासारखी शी होऊ शकते.

गॅबापेंटिन या दुखण्यावरच्या दुसऱ्या औषधाबद्दल जरूर विचारा. त्याने सुस्ती येते, मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो, पण अशा कुत्र्यांसाठी ते बऱ्याचदा वापरतात. मात्र माणसांचं पातळ गॅबापेंटिन नको, काहींमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर निरोगी कुत्र्यालाही देऊ नयेत.

तोवर गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका, वजन आटोक्यात ठेवा, पाणी भरपूर. बिचारं लंगडताना बघवत नाही, कळतं मला, पण आजच रिपोर्ट घेऊन दवाखान्यात जा.