इंग्लंडला जाऊ का, असं विचारणाऱ्या सांगलीच्या डॉक्टरला

तू लिहिलंस की सांगलीत भूलतज्ज्ञ आहेस, आठवड्यातला एक दिवस मिरजेत दुभंगलेल्या ओठा-टाळूच्या बाळांना भूल देतोस, मुलगी पाच वर्षांची आहे आणि इंग्लंडला जावं की नाही ते ठरत नाही. ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करते. मी हेच काम सोडून 2016 साली इकडे आले. तुझं वाचल्यावर दोन रात्री धड झोप लागली नाही.

परीक्षा, व्हिसा, पगार सगळं सरकारी पानांवर आहे, ते सोडते. तिथे नसलेलं सांगते. दहावीच्या सर्टिफिकेटावर आडनाव आधी, पदवीवर शेवटी, पासपोर्टवर तिसरंच. माझं तर त्यात लग्नानंतरचं नाव. ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे पटवण्यात माझे अकरा महिने गेले. प्रतिज्ञापत्रं केली, राजपत्रात छापून आणलं, तरी दर वेळी एका ओळीचं उत्तर यायचं, हे चालणार नाही. तेव्हा कागदांवरचं नाव आत्ताच सारखं करून घे. आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ते चुकवू नको. मी चुकवलं. आता कशाला लागतंय, असं वाटलं होतं. आज सुट्टीत मिरजेला आले तरी एका बाळालाही भूल देऊ शकत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पहिले दोन हिवाळे जड जातात, पुढे कामात दिवस निघतात.

शाळेचं मात्र अजून डाचतं. माझी लेक सहा वर्षांची होती. मराठी घडाघडा वाचायची, दहापर्यंतचे पाढे पाठ. इथे वर्षभर तिला कोपऱ्यातल्या टेबलावर चित्रं रंगवायला बसवलं, कारण तिला इंग्रजी येत नव्हतं. बाईंनी मला बोलावून सांगितलं, घरी इंग्रजीच बोला. मी मान डोलावली. मिरजेत आमची स्पीच थेरपिस्ट प्रत्येक आईला बजावायची, लेकराशी घरच्या बोलीतच बोला, सराव त्याच शब्दांनी घ्या. हे रोज कानावर पडत असूनही मी मान डोलावली. आता आजीचा फोन आला की लेकीला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते आणि आजी गप्प होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मी शिकत होते तेव्हा शिबिरं व्हायची. बाहेरून पथक यायचं, चार दिवस रांगेने ऑपरेशनं करून परत जायचं. ओठाचं त्यात निभावायचं. पण आठव्या दिवशी टाळूचे टाके उसवले, भोक पडलं, तर त्या आईने कुणाकडे जायचं? साधारण 700 जन्मांमागे एक बाळ ओठ किंवा टाळू दुभंगलेलं येतं, म्हणजे हे काम कधी संपणारं नाही. ‘स्माइल ट्रेन’ ही संस्था 1999 साली निघाली ती हेच ओळखून: पथकं पाठवायची नाहीत, गावचेच डॉक्टर तयार करायचे. पुढे 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतच बाळं तपासली जाऊ लागली. गरोदरपणी गिरान (ग्रहण) पाळलं नाही म्हणून बाळ असं झालं, असे सासूचे टोमणे खात बसलेल्या आया आमच्यापर्यंत पोचायला लागल्या.

मला शिकवायला एक ज्येष्ठ भूलतज्ज्ञ बाई सहा आठवडे राहिल्या. 10 आठवडे, 10 पौंड वजन, 10 हिमोग्लोबिन हा ओठाच्या ऑपरेशनाआधी बघायचा नियम पुस्तकातही होता. त्यांनी हाताला शिकवलं. नळी घालताना घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचं पातं टाळूच्या फटीत घसरतं, म्हणून फटीत आधी गॉजची घडी ठेवायची. तोंड उघडं ठेवणारा गॅग लावला की श्वासाची नळी दबते का, ते प्रत्येक वेळी छाती ऐकून बघायचं. घशातला गॉज निघाला हे मोठ्याने बोलायचं, सिस्टरने ते फळ्यावर लिहायचं. टाळूनंतर जीभ सुजते, त्यामुळे पहिल्या रात्री बाळाजवळची सिस्टर ही सर्जनइतकीच महत्त्वाची. आम्ही त्या सिस्टरांनाही शिकवलं, तेव्हा कुठे टाळूची ऑपरेशनं नेमाने चालू झाली.

आणि मग मी निघाले. मागे एकच जण तयार केला होता, तोही अर्धामुर्धा. चार महिन्यांत तो पुण्याला गेला. जतहून येणारी एक आई होती. तिच्या मुलाचा ओठ आमच्याकडेच झाला होता, टाळू वर्षाच्या आत करायची ठरली होती. ती अडीच वर्षांनी झाली. तिने मला फोनवर त्याचं बोलणं ऐकवलं. ‘बाबा’ म्हणायला जायचा आणि हवा नाकातून सुटून ‘मामा’ व्हायचं. ती मला एक शब्दही लावून बोलली नाही. त्याचंच अजून जास्त वाटतं.

इथे ब्रिटनमध्येही हे काम पूर्वी 57 ठिकाणी विखुरलेलं होतं, कुणाच्याच हातून पुरेशी बाळं जात नव्हती. 1998 च्या अहवालाने ते उघडं पाडलं आणि काम मोजक्या केंद्रांत आणलं. आता निदान झालं की 24 तासांच्या आत खास नर्स आईशी बोलते. हे बघताना मला प्रत्येक वेळी आमचा मिरजेचा वॉर्ड आठवतो. हे सगळं तिथे होण्यासारखं आहे. लागतात ती शिकलेली आणि टिकलेली माणसं.

जाऊ नको असं मी कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या पगारावर आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, भावाचं विट्याचं घर उभं राहिलं. पण निघायची तारीख घेण्याआधी दोघांना तयार कर. एकाला नव्हे, दोघांना, आणि त्यातला एक सांगली-मिरज न सोडणारा बघ. तू शेजारी नुसता उभा आणि भूल त्यांची, अशी पन्नास बाळं होऊ देत. रात्रपाळीच्या दोन सिस्टरही धर.

सध्या तुझ्या हाताखाली कोण आहे, ते तू लिहिलं नाहीस. ते आधी कळव.