वाचकांचे प्रश्न : उतारवय, थकवा आणि टेस्टोस्टेरॉनचा अहवाल

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे आहे. गेले काही महिने दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, चिडचिड होते आणि कशातच पूर्वीसारखा उत्साह वाटत नाही. कामावरून परतताना संध्याकाळी प्रयोगशाळेत रक्त दिले, त्यात टेस्टोस्टेरॉन २७० आले असून अहवालात तो आकडा ‘कमी’ म्हणून ठळक छापला आहे. एका परिचितांनी इंजेक्शने लगेच सुरू करण्याचा सल्ला दिला आहे. मी काय करावे?

उत्तर : इंजेक्शन तूर्त नको, आधी तपासणी योग्य वेळी पुन्हा करा. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची रक्तातील पातळी पहाटेनंतर सर्वांत जास्त असते आणि दिवस चढेल तशी उतरत जाते. वय वाढते तसा हा चढउतार कमी होतो, पण नाहीसा होत नाही. जेवणानंतरही पातळी काही काळ खाली जाते. म्हणून रक्त सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचे असते आणि पहिला आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी तपासणी पुन्हा करायची असते. दोन्ही वेळा पातळी कमी भरली, तरच तिला कमी म्हणायचे. अंगात ताप असताना, मोठ्या आजारातून उठल्यावर किंवा सलग रात्री जागून काढल्यावर केलेली तपासणी फसवी ठरते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही प्रयोगशाळेत आधीच सांगा, कारण काही तपासणी-पद्धतींमध्ये बायोटिनमुळे आकडा चुकतो.

आता २७० या आकड्याविषयी. अनेक तज्ज्ञ ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खालची पातळी कमी धरतात; काही संस्थांची मर्यादा याहून थोडी खाली आहे. आपला आकडा या सीमेच्या आसपासचा आहे. अशा वेळी एकूण टेस्टोस्टेरॉनवर विसंबून चालत नाही. रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेले असते आणि मोकळा भाग फार थोडा असतो. त्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वयाबरोबर वाढते, तर स्थूलतेत आणि मधुमेहात घटते. त्यामुळे त्या प्रथिनाची पातळी मोजून मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा हिशेब करावा लागतो.

मला अधिक काळजी वाटते ती आपल्या तक्रारींची. थकवा, चिडचिड आणि निरुत्साह यांमागे रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, वाढलेली साखर, नैराश्य किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असू शकतो. यांपैकी प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे, आणि इंजेक्शनने अंगात थोडी तरतरी आली म्हणून मूळ आजार मागे पडला तर नुकसान आपलेच होईल. युरोपातील आठ केंद्रांमध्ये ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेक तक्रारी तपासल्या गेल्या, परंतु पहाटेची ताठरता कमी होणे, लैंगिक इच्छा मंदावणे आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणे या तीन तक्रारींचाच कमी टेस्टोस्टेरॉनशी एकत्रित व ठाम संबंध दिसला. या तिन्ही तक्रारी असलेले आणि रक्तातील पातळीही खरोखर कमी असलेले पुरुष जेमतेम २ टक्के निघाले. पातळी वयाच्या तिशी-चाळिशीनंतर दरवर्षी साधारण एक टक्क्याने उतरते हे खरे आहे, पण एवढ्यावरून प्रत्येक थकलेल्या पुरुषाला संप्रेरकाची गरज आहे असे म्हणता येत नाही.

दोन्ही सकाळच्या तपासण्यांत पातळी कमीच आली, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांची तपासणी अवश्य करून घ्या. वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करण्याचा आदेश पिट्यूटरी ग्रंथी एलएचमार्फत देते. एलएच वाढलेले असेल तर बिघाड वृषणांत आहे, आणि ते कमी किंवा जेमतेम असेल तर तो वर, मेंदूच्या तळाशी शोधावा लागतो. तेथे प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ असू शकते. तीव्र वेदनाशामक अफूजन्य औषधे आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांनीही पातळी घसरते. कारण न शोधता थेट उपचाराला लागणे मला अयोग्य वाटते, आणि असे फार वेळा होत असते.

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ६३ आहे. त्यांना मधुमेह आहे, वजन ९६ किलो आहे आणि पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. सकाळच्या दोन तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन २४० आणि २३० आले. गेली दोन वर्षे आमच्यात संबंध नाहीत, पण ते याविषयी बोलत नाहीत, म्हणून मीच लिहीत आहे. डॉक्टरांनी जेल सुचवले आहे. याने हृदयविकाराचा झटका येतो आणि प्रोस्टेटचा कर्करोग होतो असे ऐकले. ते खरे आहे का?

उत्तर : आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. या तक्रारीवर घरात वर्षानुवर्षे मौन राहते आणि त्याचा भार दोघांवरही पडतो.

हृदयाविषयीची भीती निराधार नव्हती. काही जुन्या अभ्यासांनी ती निर्माण केली होती. तिचा निवाडा करण्यासाठी हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या, ४५ ते ८० वयाच्या आणि ३०० पेक्षा कमी पातळीच्या ५,२०० हून अधिक पुरुषांची चाचणी घेण्यात आली. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचे जेल आणि निम्म्यांना औषध नसलेले जेल दिले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के, तर दुसऱ्या गटात ७.३ टक्के होते, म्हणजे झटक्याचा धोका वाढलेला दिसला नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे, फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे हे औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. त्याच चाचणीच्या पुढील विश्लेषणात हाडे मोडण्याचे प्रमाणही जास्त निघाले, जे कोणालाच अपेक्षित नव्हते. शिवाय निम्म्याहून अधिक जणांनी औषध मध्येच सोडले होते, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांच्या वापराविषयी ही चाचणी आपल्याला आश्वस्त करू शकत नाही. आपल्या यजमानांच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञांची संमती घेतल्याशिवाय सुरुवात करू नये. गेल्या सहा महिन्यांत झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना तर हा उपचार देतच नाहीत.

प्रोस्टेटची भीती १९४१ पासूनची आहे. टेस्टोस्टेरॉन काढून घेतल्यास पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग आक्रसतो हे चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावरून टेस्टोस्टेरॉन दिल्याने नवा कर्करोग होतो असा अर्थ लावला गेला, पण तसा पुरावा मिळालेला नाही. वरील चाचणीतही दोन्ही गटांतील प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. अर्थात तिच्यात पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचा रक्तातील आकडा) वाढलेल्या पुरुषांना घेतलेले नव्हते. म्हणून उपचारापूर्वी पीएसए पाहणे आवश्यक आहे, आणि पहिल्या वर्षात तो १.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त वाढला तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे लागते.

प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळा अडचण येते ती रक्त दाट होण्याची, आणि तिच्याविषयी कोणी विचारत नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा, ५४ टक्क्यांच्या वर गेला तर औषध थांबवावे लागते. ही तपासणी सुरुवातीला, तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी करायची असते. यजमान मोठ्याने घोरत असतील आणि झोपेत त्यांचा श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रात्री त्यांच्या शेजारी असणाऱ्या आपल्याइतके हे दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

अपेक्षाही माफक ठेवाव्यात. ६५ वर्षांवरील ७९० पुरुषांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, लैंगिक इच्छा आणि क्रिया मध्यम प्रमाणात सुधारल्या, पण अंगातील शक्ती आणि उत्साह यांत लक्षणीय फरक पडला नाही. मधुमेहात ताठरतेची तक्रार बहुधा रक्तवाहिन्या व नसांमुळे असते आणि तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या लागतात. यजमान छातीत दुखण्यावर नायट्रेट घेत असतील तर त्या गोळ्या मुळीच चालत नाहीत. उपचारानंतर सहा महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर तो तसाच रेटत नेण्यात अर्थ नाही.

आणि वजन. चरबीच्या पेशींत टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते आणि ते पिट्यूटरीचा आदेश दाबून टाकते. वजन उतरले की पातळी स्वतःहून वर येते, आणि जितके अधिक उतरेल तितकी अधिक. साखर व रक्तदाबही सुधारतात. जेल सुरू केले तरी हे प्रयत्न सोडू नयेत असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : वय ४३, लग्न उशिरा झाले. थकव्यासाठी वर्षभर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेत आहे. आता आम्हाला मूल हवे आहे, पण वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य आले. हे कायमचे आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही, पण आपल्याला ही गोष्ट पहिल्या इंजेक्शनपूर्वीच सांगायला हवी होती. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच सोडणे जवळपास बंद करते. वृषणांच्या आत शुक्राणू तयार होण्यासाठी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट अधिक टेस्टोस्टेरॉन लागते आणि ते तेथेच तयार व्हावे लागते. इंजेक्शनने ती पातळी गाठता येत नाही. म्हणून मूल हवे असलेल्या पुरुषाला हा उपचार देत नाहीत.

इंजेक्शने वंध्यत्वतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थांबवा. बहुतेकांमध्ये सहा महिने ते वर्षभरात शुक्राणू परततात, काहींना दोन वर्षेही लागतात. या काळात क्लोमिफिन किंवा एचसीजी ही औषधे देऊन वृषणांना पुन्हा कामाला लावता येते. मधले काही आठवडे थकवा आणि उदासी वाढेल, हे पत्नीलाही आधी सांगून ठेवा. त्यांचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर त्यांच्या तपासण्या आपल्यासोबतच सुरू कराव्यात, वाट पाहू नये.

प्रश्न : मी खांद्यावर जेल लावतो आणि तीन वर्षांची नात दिवसभर अंगाखांद्यावर असते. तिला काही अपाय होईल का?

उत्तर : होऊ शकतो. जेल त्वचेवरून त्वचेवर जाते आणि लहान मुलांमध्ये त्यामुळे जननेंद्रियाची वाढ, अकाली केस येणे आणि हाडांचे वय वाढणे असे परिणाम नोंदवले गेले आहेत. जेल लावल्यावर हात लगेच साबणाने धुवा, ते पूर्ण वाळू द्या आणि नंतर बाह्यांचा सदरा घाला. नातीला उघड्या अंगाने घेण्यापूर्वी ती जागा साबणाने धुवा. पण जेल लावल्यापासून किती तासांनी धुवायचे हे आपल्या जेलच्या माहितीपत्रकात पाहा, नाहीतर औषध अंगात मुरणार नाही. आपला उतरवलेला सदरा आणि टॉवेलही तिच्या हाती लागू देऊ नका. तिच्या अंगावर वरीलपैकी कोणताही बदल दिसला तर जेल थांबवून तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि आपण जेल वापरता हे त्यांना सांगा. हे सगळे रोज सांभाळणे जमणार नसेल, तर इंजेक्शनचा पर्याय डॉक्टरांना विचारा.