सीटी आला, पण धागा कोणता?

प्रश्न : झेडएफएएस1 या अँटिसेन्स (एखाद्या जनुकाच्या समोरच्या धाग्यावरून लिहिल्या जाणाऱ्या) आरएनएवर एम.एस्सी.चा प्रकल्प करते आहे. स्तनाच्या कर्करोगात तो निरोगी ऊतीपेक्षा कमी असतो, असं वाचलं होतं. माझ्या नमुन्यांत मात्र गाठीतच जास्त दिसतो. रँडम हेक्झामर (कुठेही चिकटणारे सहा बेसांचे तुकडे) वापरून सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए-प्रत, केला, मग क्यूपीसीआरने मोजला. कुठे चुकलं असेल?

उत्तर : आधी तुमचे प्रायमर (प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) जीनोमवर नेमके कुठे बसतात ते पाहा. झेडएफएएस1 हा झेडएनएफएक्स1 जनुकाच्या सुरुवातीच्या टोकाशी, समोरच्या धाग्यावरून लिहिला जातो. क्यूपीसीआरमध्ये वाढणारा तुमचा तुकडा दोघांच्या सामाईक भागात पडत असेल, तर तो कोणाचा हे क्यूपीसीआर सांगूच शकत नाही. रँडम हेक्झामर दोन्ही आरएनएंपासून सीडीएनए बनवतो आणि पुढे यंत्राला दोन्ही सारखेच. धाग्याची ओळख पटते ती फक्त रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे आरएनएवरून सीडीएनए बनवण्याच्या, पायरीला.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे झेडएफएएस1च्या स्वतःच्या दोन एक्सॉनांच्या (तयार आरएनएत राहणाऱ्या तुकड्यांच्या) सांध्यावर बसणारा प्रायमर घ्यायचा. असा सांधा समोरच्या धाग्यावरच्या आरएनएत नसतो, त्यामुळे हेक्झामरचा सीडीएनएही चालतो.

ज्या अँटिसेन्समध्ये इंट्रॉनच (मधून कापले जाणारे तुकडे) नाहीत, तिथे मात्र ठरावीक धाग्याचा प्रायमर लागतोच. इथे हमखास उलटापालट होते. अँटिसेन्स पकडणाऱ्या प्रायमरचा क्रम सेन्स, म्हणजे मूळ जनुकाच्या, आरएनएसारखाच असतो, कारण त्याला अँटिसेन्सवर चिकटायचं असतं. त्याच्या 5' टोकाला मानवी जीनोममध्ये नसलेला 18-20 बेसांचा टॅग जोडा आणि क्यूपीसीआरमध्ये एक प्रायमर त्या टॅगचाच ठेवा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शननंतर उरलेला टॅगवाला प्रायमर कॉलमने धुऊन काढा. तो राहिला, तर क्यूपीसीआरमध्ये सेन्सच्या सीडीएनएलाही टॅग लावतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

प्रत्येक नमुन्याला दोन कंट्रोल हवेतच. एन्झाइम न घातलेली नळी डीएनएची भेसळ दाखवते. दुसरी नळी एन्झाइम घातलेली, पण प्रायमरविना. ही बरेच जण गाळतात, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. आरएनए स्वतःवरच दुमडून किंवा बारीक तुकड्यांच्या आधाराने प्रायमरशिवायही सीडीएनए बनवतो. या नळीचा सीटी (क्यूपीसीआरमध्ये संकेत ज्या चक्राला दिसू लागतो तो आकडा) खऱ्या नळीपेक्षा निदान 5 ने उशिरा यायला हवा. 5 चक्रं म्हणजे सुमारे 32 पट फरक. तेवढा नसेल, तर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनमध्ये अॅक्टिनोमायसिन डी, मिलिलिटरला 6 मायक्रोग्रॅम, घालून पाहा. डीएनएवरून दुसरा धागा बनणं ते रोखतं, आरएनएवरून बनणारा पहिला चालू राहतो. हे रसायन विषारी आहे आणि उजेडात खराब होतं. हातमोजे घाला, नळी फॉइलमध्ये ठेवा.

एवढं करूनही गाठीत जास्तच आलं, तर ऊतीकडे वळा. निरोगी स्तनाचा बराचसा भाग चरबी आणि संयोजी ऊतीचा, अस्तरपेशी थोड्या. गाठ त्याच पेशींनी गच्च भरलेली. त्यामुळे अस्तरपेशींमधला कोणताही आरएनए गाठीत ‘वाढलेला’ दिसतो. ईपीसीएएम आणि केआरटी18 ही अस्तरपेशींची ओळख असलेली जनुकं सोबत मोजा. तेही तितक्याच पटीने वाढले असतील, तर तुम्ही पेशींची संख्या मोजली आहे, झेडएफएएस1 नव्हे. जमल्यास लेझरने अस्तरपेशी वेगळ्या कापून घ्या. गाठीशेजारची ऊती निरोगीच असते असं धरून चालू नका.

प्रश्न : आरएनए-सीक्वेन्सिंगच्या माहितीत जवळजवळ प्रत्येक जनुकाचा अँटिसेन्स सेन्सपेक्षा जास्त येतो. हे शक्य आहे का?

उत्तर : नाही. धाग्याची दिशा उलटी दिली आहे. डीयूटीपी पद्धतीच्या किटमध्ये पहिला रीड (यंत्राने वाचलेला तुकडा) आरएनएच्या विरुद्ध धाग्याचा असतो, म्हणून फीचरकाउंट्स या रीड मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये धाग्याचा पर्याय 1 नाही, 2 हवा. एसीटीबी आणि जीएपीडीएच ही भरपूर व्यक्त होणारी जनुकं उघडून पाहा, लगेच कळेल. दिशा सुधारल्यावरही थोडे रीड चुकीच्या धाग्यावर गळतातच. खूप व्यक्त होणाऱ्या जनुकासमोर सेन्सच्या शेकडा एखाद्या रीडइतका अँटिसेन्स दिसला, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग आहे. हॉटेअर या आरएनएची चाचणी करून घ्यावी का?

उत्तर : नको. गाठीत हॉटेअर जास्त असणं आणि रोग पसरणं यांचा संबंध 2010मध्ये दाखवला गेला, पण नेहमीच्या उपचारांचे निर्णय त्यावर होत नाहीत. बायॉप्सीच्या अहवालात ईआर, पीआर (दोन संप्रेरकांचे ग्राही) आणि हर2 (पेशींच्या वाढीशी संबंधित प्रथिन) या तिन्हींचे निकाल आहेत ना, ते पाहा. एखादा राहिला असेल, तर तो डॉक्टरांकडे आवर्जून मागा.