डबा हवा की मी?

प्रश्न : माझी मांजर चिमी चार वर्षांची आहे. डब्याचं झाकण वाजलं की असेल तिथून धावत येते, पण खाऊन झालं की माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. मांडीवर घेतलं तर मिनिटभरात उतरते. मागच्या महिन्यात मी आठ दिवस परगावी होते. शेजारच्या काकू तिला खायला घालायच्या. मी परतले तेव्हा ती दारापर्यंत आली, बॅग हुंगली, माझ्या पायांना अंग घासलं आणि पाठ करून बसली. भाऊ म्हणतो, ‘तिला तू नकोस, डबा हवाय.’ तिचं माझ्यावर खरंच प्रेम आहे का?

उत्तर : भावाला सांगा, डबा तर आठही दिवस वेळेवर मिळत होता. तरी चिमी दारात आली. आता काकूंना एक विचारा, त्यांच्या पायांना तिनं एकदा तरी अंग घासलं का?

हे घासणं साधं नसतं. मांजरीच्या गालांवर, कपाळावर, शेपटीच्या बुडाशी वासाच्या ग्रंथी असतात. ओळखीच्या मांजरी एकमेकींना अंग घासतात आणि सगळ्यांचा वास एक होतो. तुम्ही आठ दिवसांचे परके वास घेऊन आलात. तिनं आधी तुम्हाला पुन्हा ‘घरचं’ करून घेतलं.

आणि मग पाठ फिरवली. हा तुम्हाला रुसवा वाटला, मला नाही वाटत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात मांजरीच्या पिल्लांची एक चाचणी झाली. अनोळखी खोलीत दोन मिनिटं मालकासोबत, दोन मिनिटं एकटं, मग मालक परत. सुमारे ६४ टक्के पिल्लं मालकाला भेटली, शांत झाली आणि पुन्हा खोली धुंडाळायला लागली. सुरक्षित जिव्हाळा म्हणून नोंद झाली ती यांची. मालकाला चिकटून बसणारी गणली गेली असुरक्षितांत! ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठात २०१५ मध्ये वीस मांजरांवर असाच अभ्यास झाला होता. तिथे मात्र मालकावर विसंबण्याची ठोस खूण मिळाली नाही. दोन्ही वाचून माझं मत असं झालंय की मांजर आपल्या आधारावर जगत नाही, तिला आपली सोबत आवडते. मला तर हे जास्त मोलाचं वाटतं, पण मी पडले मांजरवेडी.

माझा बोका बारा वर्षांचा आहे. मांडीवर एकदाही बसलेला नाही. मी टेबलाशी लिहायला बसले की बरोबर हातभर अंतरावर, पाठ माझ्याकडे, तोंड खिडकीकडे. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले की दहा मिनिटांत स्वारी तिथे हजर. आपण दुसऱ्याच कामाला आलो होतो, असा चेहरा करून. सुरुवातीला मलाही वाईट वाटायचं, आणि तेव्हा मला प्राण्यांची डॉक्टर होऊन बरीच वर्षं झाली होती. पण दवाखान्याच्या टेबलावर रोज बघते ना, घाबरलेली मांजर तुमच्याकडे पाठ करून निवांत बसत नाही. तिची नजर तुमच्या हातांवरून हलत नाही.

मांडीचं म्हणाल तर पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा हात किती लागला, यावर पुष्कळ अवलंबून असतं. चिमी त्यानंतर तुमच्याकडे आली असेल तर तो हिशोब तुमच्या हातात नव्हताच. उचलू नका, तिला येऊ द्या.

एक सावधगिरी. नेहमी जवळ येणारी मांजर अचानक कपाटाखाली लपायला लागली, किंवा अलिप्त असणारी एकाएकी चिकटायला लागली, तर प्रेमाचा विचार बाजूला ठेवून तिला डॉक्टरकडे न्या. मांजरी दुखणं लपवण्यात पटाईत असतात.

आता घरी एक करून बघा. चिमी शांत बसली असताना थोडं लांब बसा, तिच्याकडे बघत डोळे अर्धवट मिटा, क्षणभर थांबा, सावकाश उघडा. रोखून बघू नका, ती त्याला धमकी समजते. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात असे डोळे मिचकावणाऱ्या माणसांना मांजरींनी तसंच उत्तर दिलं होतं. पहिल्या दिवशी ती जांभई देऊन निघून जाईल. चालायचंच, दोन-चार दिवस करा.

आणि हो, दारात आली तेव्हा तिची शेपटी कशी होती, ते तुम्ही लिहिलं नाहीत. उभी होती का? टोकाला जरा वाकलेली? पिल्लं आईकडे अशीच जातात. पुढच्या वेळी परतलात की बॅग खाली ठेवायच्या आधी तेवढं बघा, आणि मला कळवा.